उलाढाल वाढली, नफा घटला : श्वानाच्या हृदयाचा ताळेबंद

जीवदयेचे संस्कार जैन घरांत वेगळे शिकवावे लागत नाहीत. पांजरपोळीसाठी दान काढणे, गच्चीवर पाखरांना दाणे टाकणे, वैशाखात दारापुढे पाण्याची कुंडी भरून ठेवणे हे सारे मुले पाहतपाहतच शिकतात. अलीकडे अनेक घरांत या संस्काराला आणखी एक सोबती लाभला आहे. नातवंडांच्या हट्टापायी आलेले पॉमेरेनियन, डॅशहंड किंवा शिह त्झू जातीचे पिल्लू बघता बघता घरचे होते, दहा वर्षांचे होते, आणि आजोबांच्या खुर्चीशेजारी त्याचेही म्हातारपण सुरू होते.

मग एखाद्या दिवशी लसीकरणाच्या वेळी पशुवैद्य त्याच्या डाव्या छातीवर स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा अधिक वेळ ठेवतात. ठोक्यांच्या मध्ये ‘सूं सूं’ असा आवाज येतो, झडप गळत असावी, हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, असे सांगतात. तपासणी होते. अहवालात लिहिलेले असते, ‘हृदयाची आकुंचनक्षमता उत्तम.’ घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि फाईल कपाटात जाते. काही महिन्यांनी एका मध्यरात्री तोच प्राणी मान ताणून, कोपरे फाकवून, श्वासासाठी धडपडताना दिसतो. ‘अहवाल तर चांगला होता!’ हे त्या वेळचे सर्वांचे उद्गार असतात.

अहवाल खोटा नसतो. तो वाचण्यात चूक झालेली असते. आणि ती चूक हिशेबाची असल्याने व्यापारी कुटुंबांना समजण्यास मुळीच अवघड नाही.

एकाच दिशेने उघडणारे दार

हृदयाचे चार कप्पे असतात. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या वरच्या कप्प्यात उतरते, तेथून डाव्या खालच्या कप्प्यात जाते, आणि हा खालचा कप्पा ते महारोहिणीवाटे साऱ्या शरीराला पुरवतो. या दोन कप्प्यांच्या मध्ये दोन पाकळ्यांची एक झडप असते. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या दोन टोकांच्या टोपीशी असलेल्या साम्यावरून तिला मायट्रल हे नाव मिळाले. तिचे काम एकच : रक्त खाली जाऊ देणे, परत वर येऊ न देणे.

वयाबरोबर काही श्वानांत या झडपेच्या पाकळ्या जाड, गाठाळ आणि सैल होतात. त्यांना ताणून धरणारे बारीक तंतू लांबतात, क्वचित तुटतात. दार नीट लागत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे वरच्या कप्प्यात उडते. हा संसर्गाने होणारा रोग नव्हे, की कोणाच्या हयगयीचे फळ नव्हे. श्वानांमधील हृदयविकारांत हाच सर्वाधिक आढळतो. उत्तर अमेरिकेत श्वानांच्या हृदयरुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश याचेच असतात. वीस किलोपेक्षा कमी वजनाच्या लहान जातींत तो विशेष दिसतो, मादीपेक्षा नरात काहीसा अधिक. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीला तर तो तरुणपणीच गाठतो.

येथे एक दिलासाही नोंदवला पाहिजे. हा आजार बहुधा वर्षानुवर्षे संथ चालतो. मर्मर ऐकू आलेले अनेक श्वान हृदय निकामी न होता आपले आयुष्य पुरे करतात. म्हणूनच प्रश्न ‘आजार आहे का?’ एवढाच नसतो. ‘तो कोठवर आला आहे?’ हा असतो. आणि त्याचे उत्तर देताना टक्केवारी फसवते.

टक्केवारी का फसवते

खालचा कप्पा दर ठोक्याला भरलेल्या रक्तापैकी किती भाग बाहेर टाकतो, हे टक्केवारीत सांगतात. माणसाच्या अहवालात हा आकडा घटला की आपण घाबरतो, चांगला दिसला की निश्चिंत होतो. गळक्या झडपेच्या बाबतीत मात्र हा नियम उलटतो.

समजण्याच्या सोयीसाठी काही आकडे कल्पू. एका लहान निरोगी श्वानाचा कप्पा १० मिलिलिटर रक्ताने भरतो आणि ६ मिलिलिटर बाहेर टाकतो. टक्केवारी ६०. झडप गळू लागल्यावर मागे गेलेले रक्त पुढच्या ठोक्याला पुन्हा खाली येते, त्यामुळे कप्पा ताणून २० मिलिलिटर भरतो आणि १५ बाहेर टाकतो. टक्केवारी ७५! कागदावर हृदय पूर्वीपेक्षा जोमदार दिसते. पण त्या १५ पैकी ९ मिलिलिटर मागे गेले. शरीराला पूर्वीइतकेच, ६ मिलिलिटर मिळाले. ते सहा मिळवण्यासाठी हृदयाला अडीचपट उलाढाल करावी लागली.

दुकानाच्या भाषेत सांगायचे तर विक्रीच्या वहीत पंधरा लाख दिसतात, परंतु नऊ लाखांचा माल परत आलेला असतो. परत आलेला माल वजा न करता नुसती विक्री पाहून कोणताही जाणता व्यापारी धंदा वाढला म्हणणार नाही. आणि या दुकानाला माल मागे ढकलणे सोपेही जाते. महारोहिणीतील दाबाविरुद्ध रक्त पुढे रेटण्यास बळ लागते; वरच्या कप्प्यात दाब कमी असल्याने तेथे रक्त सहज निसटते. म्हणून आकुंचन सुलभ आणि जोरकस भासते.

आता आणखी काही काळ जाऊ द्या. स्नायू थकू लागतो. कप्पा २४ मिलिलिटर भरतो, १६ बाहेर टाकतो. त्यातले साडेदहा मागे जातात, शरीराला साडेपाचच मिळतात. टक्केवारी तरीही सुमारे ६७, म्हणजे निरोगी काळातील ६० पेक्षा अधिकच! पुरवठा घटला, स्नायू दमला, आणि आकडा मात्र ‘उत्तम’च राहिला.

या उदाहरणात एक आकडा मात्र खरे बोलतो : अखेरची शिल्लक. आकुंचन संपल्यावर कप्प्यात उरलेले रक्त निरोगी अवस्थेत ४ मिलिलिटर होते, मग ५ झाले, मग ८. शिल्लक अशी साचू लागली म्हणजे कप्पा स्वतःला पुरेसा रिकामा करू शकत नाही, असा संशय घ्यावा. म्हणून अनुभवी हृदयतज्ज्ञ टक्केवारीसोबत आकुंचनाच्या शेवटी कप्पा किती मोठा उरतो, हेही पाहतात.

टक्केवारीकडे पाहण्याची दृष्टी किती बदलली आहे, याचा एक दाखला बोलका आहे. इटलीतील संशोधकांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये या आजाराची तीव्रता ठरवणारी एक गुणपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात चार मापे आहेत : वरच्या कप्प्याचा आकार, खालच्या कप्प्याचा आकार, झडपेतून खाली येणाऱ्या रक्ताचा वेग, आणि आकुंचनात कप्प्याची रुंदी किती टक्के घटते हे प्रमाण. या शेवटच्या मापात ५० टक्क्यांच्या वर गेलेला आकडा शाबासकीचा नसून अधिक गंभीर आजाराचा गुण मिळवतो.

मग काय मोजावे?

परत आलेला माल कोठेतरी साठतोच. हृदयात त्याचे गोदाम म्हणजे डावा वरचा कप्पा. तो फुगत जातो, आणि त्याची धारणशक्ती संपली की दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचून तेथे पाणी साचते. मध्यरात्रीची ती धडपड याच पाण्याची असते. म्हणून तपासणीत पहिला प्रश्न ‘गोदाम किती भरले?’ हा असावा.

सोनोग्राफीत वरच्या कप्प्याची रुंदी शेजारच्या महारोहिणीच्या रुंदीशी ताडून पाहतात. महारोहिणी या आजारात फारशी बदलत नाही, म्हणून ती मापदंड ठरते. हे गुणोत्तर १.६ किंवा अधिक असेल तर कप्पा वाढला असे मानतात.

दुसरे माप खालच्या कप्प्याचे, तो पूर्ण भरलेला असतानाचे. येथे अडचण अशी की श्वानांची वजने फार भिन्न असतात. म्हणून कप्प्याची रुंदी वजनाच्या हिशेबाने समतल करतात आणि येणारा आकडा १.७ किंवा त्याहून अधिक आहे का, हे पाहतात. या सूत्रानुसार ४ किलोच्या श्वानात मर्यादा सुमारे २.६ सेंटिमीटर येते, तर ८ किलोच्या श्वानात सुमारे ३.१. वजन दुप्पट झाले म्हणून हृदय दुप्पट रुंद होत नाही. अहवालात नुसते सेंटिमीटर असतील आणि वजन नोंदलेले नसेल, तर तो आकडा अपुरा समजावा.

सोनोग्राफीची सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. तेथे छातीचा साधा एक्स-रे उपयोगी पडतो. बुकॅनन आणि ब्यूशेलर या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हृदयाची लांबी आणि रुंदी त्याच प्राण्याच्या पाठीच्या मणक्यांवर मोजतात व दोहोंची बेरीज करतात. त्यांनी अभ्यासलेल्या १०० निरोगी श्वानांत सरासरी ९.७ मणके आली. बहुतेक जातींत १०.५ च्या वरचा आकडा हृदय वाढल्याचे सुचवतो; काही जातींचे हृदय मुळातच या मापात मोठे दिसते, म्हणून जातीचाही विचार करावा लागतो. प्रत्येक प्राण्याचा मापदंड त्याच्याच देहात शोधणारी ही पद्धत तिच्या साधेपणामुळे जगभर रुळली.

यांपैकी कोणताही एक आकडा मात्र एका दिवसाचाच असतो. या आजारात हृदयाची वाढ बराच काळ मंद असते आणि हृदय निकामी होण्याच्या आधीच्या सहा ते बारा महिन्यांत ती एकदम वेग घेते, असे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या श्वानांत दिसून आले आहे. बँकेत कर्जाचा अर्ज आला की एका वर्षाचा ताळेबंद पुरत नाही, मागील तीन वर्षांचे मागवतात. श्वानाच्या हृदयाचेही तसेच आहे. जुने अहवाल आणि एक्स-रे जपून ठेवावेत, आणि शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करून घ्यावी.

टप्पा ओळखण्याने काय साधते

अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये या आजाराचे टप्पे ठरवले आणि २०१९ मध्ये त्यांत सुधारणा केली. ‘ए’ म्हणजे आजार नाही, पण जातीमुळे धोका आहे. ‘बी-१’ म्हणजे झडप गळते, मात्र हृदय फारसे वाढलेले नाही. ‘बी-२’ म्हणजे लक्षणे अजून नाहीत, पण हृदय वर सांगितलेल्या मर्यादा ओलांडून वाढले आहे. ‘सी’ म्हणजे फुप्फुसात पाणी येऊन हृदय निकामी होण्याची लक्षणे दिसली आहेत किंवा पूर्वी दिसली होती. ‘डी’ म्हणजे नेहमीच्या उपचारांना दाद न देणारी अवस्था.

यांत ‘बी-१’ आणि ‘बी-२’ यांच्यामधील रेषा सर्वांत मोलाची. दोन्ही टप्प्यांत प्राणी खातो, खेळतो, दारापर्यंत धावत येतो. घरच्यांना काहीच फरक दिसत नाही. ‘बी-१’ मध्ये औषध देऊ नये, सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासावे, असा सल्ला आहे. ‘बी-२’ मध्ये मात्र पिमोबेंडन या औषधाचा लाभ सिद्ध झालेला आहे.

हे सिद्ध करणारी ‘एपिक’ नावाची चाचणी लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधील एड्रियन बॉसवुड यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ११ देशांतील ३६ केंद्रांवर ३६० श्वानांचा तीत समावेश होता. हृदय वाढलेल्या पण लक्षणे नसलेल्या या श्वानांपैकी औषध मिळालेल्यांत हृदय निकामी होण्यापर्यंत किंवा हृदयामुळे मृत्यू येण्यापर्यंत मध्यमान १,२२८ दिवस गेले, तर औषध न मिळालेल्यांत ७६६. फरक सुमारे पंधरा महिन्यांचा. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी नियोजित वेळेपूर्वीच थांबवण्यात आली. दहा-बारा वर्षे जगणाऱ्या जीवाच्या आयुष्यात पंधरा महिने ही थोडी मुदत नव्हे. पण ती मिळवायची तर रेषा कधी ओलांडली हे कळले पाहिजे, आणि ते मोजल्यावाचून कळत नाही.

औषधाने झडप दुरुस्त होत नाही, हेही ध्यानात असावे. शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त करण्याचे कार्य जपानमधील मासामी उएची यांनी विशेष पुढे नेले, पण लहान श्वानाचे रक्ताभिसरण यंत्रावर चालवून करावयाची ही शस्त्रक्रिया अद्याप मोजक्याच ठिकाणी होते. बहुतेक घरांसाठी वेळेवर निदान आणि नियमित औषध हाच मार्ग आहे.

घरची वही

या साऱ्या मापांत एक माप असे आहे की ज्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. ते म्हणजे गाढ झोपेतील श्वासांची गणना.

श्वान शांत, थंड जागी गाढ झोपलेला असताना त्याच्या छातीकडे पाहावे. छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजावे आणि दुप्पट करावी. स्वप्नात पाय हलवत असेल, तर त्या वेळी मोजू नये. निरोगी किंवा नियंत्रणात असलेल्या श्वानाचा हा आकडा साधारणतः मिनिटाला ३० च्या खाली असतो. पहिला आठवडा रोज मोजून त्याची स्वतःची सरासरी काढावी, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने तारीखवार नोंद ठेवावी. नेहमी १८-२० असणारा आकडा २६-२८ वर चढू लागला, तर तो तिसाच्या आत असूनही दुर्लक्षू नये. तिसाच्या वर गेला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. फुप्फुसात पाणी साचू लागल्याची ही बहुधा सर्वांत आधीची सूचना असते. तोंड उघडे ठेवून धाप लागणे, जीभ निळसर होणे, आडवे होण्याचे टाळणे ही मात्र वाट पाहण्याची चिन्हे नव्हेत. तत्काळ दवाखाना गाठावा.

खोकल्याबाबत गैरसमज फार. लहान जातींत, विशेषतः पॉमेरेनियनमध्ये, श्वासनलिका कमकुवत झाल्यानेही कोरडा खोकला येतो. खोकला आहे म्हणून हृदय निकामी झाले असे नाही, आणि खोकला नाही म्हणून ते सुरक्षित आहे असेही नाही. श्वासांचा आकडा खोकल्यापेक्षा अधिक भरवशाचा.

आपल्या घरांसाठी काही विशेष

जैन घराची दिनचर्या आणि या आजाराची पथ्ये यांचा मेळ घालताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

फुप्फुसातील पाणी काढण्यासाठी लघवी वाढवणारे औषध सुरू झाले की प्राण्याला तहान फार लागते. अशा वेळी पाणी अडवल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. घरात चौविहार असला, तरी त्या मुक्या जीवाच्या भांड्याला चौविहार लावू नये. गाळून उकळलेले पाणी रात्रीही त्याच्यापुढे भरलेले असावे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत आश्रित जीवाचे अन्नपाणी रोखणे सांगितलेलेच आहे. त्याच न्यायाने पर्युषण वा दशलक्षण पर्वातील उपवास श्वानावर लादू नये. हृदयाच्या रुग्णाचे वजन आणि स्नायू टिकणे महत्त्वाचे असते, म्हणून घरचे शाकाहारी अन्न देत असल्यास त्यातील प्रथिने पुरेशी आहेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पापड, लोणचे, शेव, फरसाण यांतील मीठ या रुग्णाला बाधते. ताटातला घास प्रेमाने टाकणारे हात घरात अनेक असतात. सर्वांना एकदा बसवून सांगावे.

पिमोबेंडन बारा तासांच्या अंतराने, अन्नापूर्वी सुमारे तासभर देतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात पहाटेची आणि संध्याकाळची वेळ सहज बसवता येते. काही गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते. घरात ते चालणार नसेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे आणि पर्याय मागावा. पण गोळी परस्पर बंद करू नये.

शेवटचा मुद्दा अधिक नाजूक आहे. आजार अखेरच्या टप्प्यावर पोहोचला की पशुवैद्य कधी कधी दयामरणाचा मार्ग सुचवतात. अनेक जैन कुटुंबांच्या अंतःकरणाला तो मानवत नाही. त्या भूमिकेचा आदर राखूनही एक गोष्ट म्हणावी लागते : ज्या घराला तो मार्ग नको, त्या घरावर वेळेवर तपासणी करण्याची आणि शेवटच्या दिवसांत श्वास सुकर ठेवणारे उपचार न टाळण्याची जबाबदारी इतरांहून अधिक येते. बुडत्याप्रमाणे गुदमरणाऱ्या जीवाकडे नुसते पाहत राहणे ही अहिंसा नव्हे.

अतिचारांतच शक्तीपेक्षा अधिक भार लादणे हाही एक दोष सांगितला आहे. बैलाच्या पाठीवरचा भार डोळ्यांना दिसतो. गळक्या झडपेचा भार छातीच्या आत, मुकाट्याने वाढतो, आणि टक्केवारी तो झाकून ठेवते. मर्मर ऐकू आल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर कपाटातली फाईल आजच बाहेर काढावी. वरच्या कप्प्याचे गुणोत्तर, वजनाच्या हिशेबाने खालच्या कप्प्याचे माप आणि एक्स-रेतील मणक्यांचा आकडा त्यात आहेत का, हे पाहावे; नसतील तर पुढच्या भेटीत विचारावेत. आणि आज रात्री तो गाढ झोपला की घड्याळ घेऊन त्याच्याजवळ एक मिनिट बसावे. वहीतली पहिली नोंद तीच.